मंगळवार-शुक्रवारचं पाणी

एम.एस्सी. करायला मी अकोल्याहून अमरावतीला आलो तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन महिने झाले होते. आमच्या विभागातल्या कागदांवर मात्र अजून मुंबई राज्याचाच छाप होता. आहे तो कागद संपल्यावर नवा मागवायचा असं ठरलं होतं. माझ्या दोन वर्षांत तो संपला नाही.

विभाग प्राणिशास्त्राचा. एम.एस्सी.ला आम्ही सहा जण, तिघं पहिल्या वर्षाला आणि तिघं दुसऱ्याला. संशोधनातलं कळणारे सर एकच होते आणि त्यांच्या मागे खालच्या सगळ्या वर्गांचे तास होते. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा सहा जणांना व्हरांड्यात बोलावलं.

"मला वेळ नाही," ते म्हणाले. "पुढे मिळेल असंही दिसत नाही. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्यांनी पहिल्या वर्षाच्यांना संशोधन शिकवायचं. एकाला एक. दोघांनाही अडलं तर माझ्याकडे या. एकट्याला अडलं तर येऊ नका."

जोड्या हजेरीपटाच्या क्रमानं लागल्या. माझ्या वाट्याला ताई आल्या.

ताई आमच्यात वयानं सगळ्यांत मोठ्या होत्या. भातकुलीकडच्या शेतकरी घरातल्या. बी.एस्सी. झाल्यावर तीन वर्षं शाळेत शिकवून परत शिकायला आल्या होत्या. सर सोडून सगळे त्यांना ताईच म्हणत. मी भिक्षुकी करणाऱ्या घरातला, अकोल्याच्या जठारपेठेतला. नात्यात नसलेल्या बाईशी एका दमात पाच वाक्यांपेक्षा जास्त बोलण्याचा प्रसंग तोवर आला नव्हता. सरांनी आमच्या दोघांसाठी एक वेगळा नियम केला, की प्रयोगशाळेचं दार उघडं ठेवायचं. आम्ही तो पाळला. त्या पावसाळ्यात उघड्या दारातून चौदा बेडूक निघून गेले.

ताईंचा विषय होता बेडकाचं हृदय. बेडकाचं हृदय बाहेर काढून योग्य द्रावणात ठेवलं तर ते पुष्कळ वेळ आपलं आपण चालतं. त्याला दोरा बांधायचा, दोऱ्याला एक हलकी काडी, आणि काडीचं टोक एका फिरत्या ड्रमवर टेकवायचं. ड्रमवर कागद असतो, कागदावर दिव्याचं काजळ धरलेलं असतं, आणि प्रत्येक ठोक्याला काडी त्या काजळात एक पांढरी रेघ ओढते. हे सगळं पुस्तकात तीन ओळींत होतं. मला जमायला पाच आठवडे लागले.

पहिला बेडूक हातात घेतला तेव्हा मी त्याला परत हौदात सोडला.

"काहून?" ताईंनी विचारलं.

"माझ्याकडे बघतोय तो."

"त्याचे डोळे वरच हायेत. तो सगळ्यायकडेच पायते." त्यांनी दुसरा काढला, माझ्या मुठीत दिला आणि माझी मूठ आपल्या हातानं आवळली. "घट्ट धर. तू घाबरला तर त्याले मराले जास्त वेळ लागते. त्याचाही विचार कर."

घरी मी विषय हृदय एवढंच सांगितलं होतं. बेडकाचा उल्लेख करायचं राहून गेलं होतं. त्यामुळे मुलगा हृदयाचा डॉक्टर होतोय असं आई शेजारी सांगत असे, आणि सुटीत घरी गेलो की समोरच्या काकू धडधड दाखवायला येत. मी नाडी मोजून ठीक आहे म्हणायचो. त्यांना बरं वाटायचं.

हृदयच का, असं मी एकदा ताईंना विचारलं. त्या काजळ धरत होत्या. काम न थांबवता म्हणाल्या, "माह्या बाबाले घेऊन इथं अमरावतीलेच आलो होतो. डाक्टरनं नळी लावली अन् म्हणे, हृदय थकलं. मी इचारलं, थकलं म्हणजे नेमकं काय झालं? तर म्हणे, थकलं म्हणजे थकलं. बाबा दोन महिन्यानं गेले." मग कागद उलटसुलट करून पाहिला. "तर मले पायाचं हाये, हृदय थकते म्हणजे काय होते."

त्यासाठी त्यांचा प्रयोग अगदी साधा होता. हृदय चालायला लागणारे इतर क्षार द्यायचे नाहीत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नुसतं मीठ घालायचं, त्यात हृदय ठेवायचं आणि ते किती वेळात, कसकसं मंदावत थांबतं ते ड्रमवर उतरवायचं. गरम दिवसांत आणि थंड दिवसांत फरक पडतो का ते पाहायचं. असे वर्षभर प्रयोग करून प्रबंध लिहायचा.

मला त्यांनी तीन गोष्टी शिकवल्या. नोंद शाईनं करायची, पेन्सिलीनं नाही. चुकलेलं खोडायचं नाही, त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं. आणि फसलेला प्रयोगही वहीत आलाच पाहिजे.

"जे झालं ते लिही," त्या म्हणायच्या. "जे व्हायले पायजे होतं ते तर कोणालेही लिहिता येते."

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ताईंना खालच्या वर्गांची प्रात्यक्षिकं घ्यावी लागत. त्या दोन दिवशी मिठाचं पाणी करून ठेवायचं काम माझं होतं. इतर दिवशी ताई रसायनशास्त्र विभागातून डिस्टिल्ड वॉटर आणत, तिथला शिपाई त्यांच्या गावाकडचा होता. मला तो ओळखत नव्हता. मी आमच्याच मागच्या खोलीतल्या छोट्या काचेच्या यंत्रावर पाणी उकळून, वाफ थंड करून, थेंब थेंब गोळा करायचो. यंत्र कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वाफ थंड करायची लांब नळी धुताना माझ्या हातून फुटली.

ती विलायती होती. तिच्यावर कंपनीचं नाव कोरलेलं होतं आणि सरांनी एकदा ते नाव आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. मी काचा वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कपाटाच्या मागे सरकवल्या. मग कॉलेजच्या विहिरीवर गेलो, एक कळशी पाणी काढलं, चौपदरी धोतराच्या फडक्यातून गाळलं, बाटलीत भरलं आणि त्यात मीठ घातलं. पाणी स्वच्छ दिसत होतं. बाटलीवर आधीच डिस्टिल्ड वॉटरची चिठ्ठी होती. ती मी बदलली नाही.

दुसऱ्याच दिवशी सांगायचं असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी बुधवार होता, आणि त्या दिवशी माझ्या पाण्याची गरज नव्हती. शुक्रवारी परत विहिरीवर गेलो. दोन-तीन आठवड्यांनी ते माझ्या कामाचाच भाग होऊन बसलं आणि त्यात काही वावगं आहे हे मी जवळजवळ विसरलो.

दिवाळीनंतर ताई आपले आलेख भिंतीला लावून बसल्या.

"इकडी ये," त्या म्हणाल्या. "हे पाय बरं."

हृदय किती वेळ चाललं ते त्यांनी तारीखवार मांडलं होतं. सोमवारी, बुधवारी, गुरुवारी, शनिवारी हृदय अर्ध्या तासाच्या आत थांबत होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ते चालतच राहत होतं. कित्येकदा तर आम्हीच कंटाळून प्रयोग बंद केला होता.

"ऊन-थंडीचा काही संबंध नाई," ताई म्हणाल्या. "वाराचा हाये. मंगळवार अन् शुक्रवार."

आमच्या प्रयोगशाळेतला म्हातारा शिपाई बेडकांच्या हौदाशी उभा होता. तो म्हणाला, "मंग काय तर. देवीचे वार हायेत ते. त्या दिवशी कोणी मरते काय?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं : शिपायाचं मत, देवीचे वार. मग पुढे लिहिलं : तपासणे.

त्यांनी खरंच तपासलं. बेडूक नर की मादी, लहान की मोठा, हौदातून कितव्या दिवशी काढलेला, खोली किती गरम, दोरा कोणी बांधला, सगळं एकेक करून. महिना-दीड महिना गेला. मी प्रत्येक तपासणीत त्यांच्या शेजारी उभा होतो, आकडे सांगत होतो, ड्रम फिरवत होतो. पाण्याचा विचार माझ्या मनात केव्हा आला ते मला नक्की सांगता येणार नाही. आला तेव्हा मी स्वतःला म्हणालो, पाणी ते पाणी, त्यानं काय होतंय. दुसऱ्या दिवशी परत तेच म्हणालो. रोज म्हणावं लागतंय म्हणजे माझाच त्यावर विश्वास नाही, एवढं मला कळत होतं. तरी मी बोललो नाही. प्रबंध मार्चमध्ये द्यायचा होता, आणि अकोल्याच्या एका कॉलेजात जूनपासून ताईंना शिकवण्याची जागा मिळणार होती. जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं.

संक्रांतीला मी अकोल्याला घरी गेलो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, वडील एका यजमानाकडे गेलेले असताना, ताई आमच्या दारात उभ्या राहिल्या. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरून आल्या होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत पंचात गुंडाळलेल्या बाटल्या.

आई ओसरीवर होती. "कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

"तुमचा मुलगा हाये काय घरी? मले त्याच्या हातचं पाणी पायजे."

आईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग घरात येऊन मला म्हणाली, "बाहेर एक बाई आल्या आहेत. पाणी मागताहेत. तुझ्याच हातचं हवं म्हणतात." तिच्या आवाजात काहीही नव्हतं. ती भिक्षुकाची बायको होती, दारात येणारी माणसं काहीही मागू शकतात याची तिला सवय होती.

मी बाहेर आलो. ताईंनी ओसरीवर पंचा पसरला. त्यावर एक भरलेली बाटली ठेवली, एक रिकामी ठेवली आणि कागदात मोजून आणलेलं मीठ ठेवलं.

"या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर हाये," त्या म्हणाल्या. "रसायनवाल्यायकडचं. बेडूक तपासून झाला, दोरा झाला, खोली झाली. आता तू उरला. तू मंगळवारी कसं पाणी करतं, तसंच इथं माह्यासमोर कर. काहीच बदलू नको."

मी भरलेल्या बाटलीकडे पाहिलं. ती उचलायची, मीठ घालायचं, हलवायचं. एवढं केलं असतं तर त्या उठून परत गाडीला गेल्या असत्या. आईनंही कदाचित चहा दिला असता. मी बाटलीला हात लावला. ती गार होती.

मग मी रिकामी बाटली उचलली, अंगणातल्या विहिरीकडे गेलो, कळशी सोडली, पाणी ओढलं, फडक्यानं गाळलं आणि बाटली भरून ओसरीवर आणून ठेवली. मीठ घालायला मला जमलं नाही.

ताई बाटलीकडे बघत राहिल्या.

"कवापासून?"

"ऑगस्टपासून."

"अन् यंत्र?"

"फुटलं. नळी फुटली. काचा कपाटाच्या मागे आहेत."

आई मधल्या दारात उभी होती. काहीतरी वाईट घडलं आहे एवढं तिला कळलं, काय ते कळलं नाही. पाणी आणल्याबद्दल मुलाला का रागवावं हे तिच्या लक्षात येईना. तिनं आत जाऊन पोहे केले. ताईंनी ते खाल्ले. ताटली संपवून ठेवली आणि आईला म्हणाल्या, "पोहे चांगले झाले." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आईला वाटलं आता बोलायला हरकत नाही. ती बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे पाणी हवं होतं का तुम्हाला? प्यायला ठीक आहे, पण स्वयंपाकाला काही उपयोगाचं नाही हो. यात डाळ शिजत नाही. डाळीला आम्ही नळाचं आणतो."

ताईंनी मान वर केली.

"डाळ शिजत नाई?"

"दाणा दाणा वेगळा राहतो. किती शिजवा."

"कॉलेजच्या विहिरीवरही नाई शिजत," ताई हळूच म्हणाल्या. "होस्टेलच्या खानावळीत सगळे बोंबलतात." त्या उठून विहिरीपाशी गेल्या. काठावर भांडी ठेवायच्या जागी पाणी वाळून पांढरा थर बसला होता. तो त्यांनी नखानं खरवडला, बोटावर घेऊन पाहिला. "चुना हाये यात. डाळ नाई शिजत, म्हणजे चुना हाये. अन् चुना हाये म्हणून हृदय चालते."

"कोणाचं हृदय?" आईनं विचारलं.

"बेडकाचं."

आई माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी संध्याकाळी समोरच्या काकू धडधड दाखवायला आल्या नाहीत, आणि त्यानंतरही कधी आल्या नाहीत.

जाताना ताईंनी आमच्या विहिरीच्या दोन बाटल्या भरून नेल्या.

अमरावतीला परतल्यावर त्यांनी मला वहीचं एक कोरं पान उघडून दिलं. "लिही," एवढंच म्हणाल्या. मी सगळं लिहिलं. तारखा, फडकं, कळशी, काचा. शाईनं. लिहिताना एके ठिकाणी मी 'नाइलाजानं' असा शब्द घातला होता. ताईंनी त्यावर एक रेघ मारली आणि वही परत माझ्यापुढे सरकवली. शेजारी बरोबर शब्द मला सापडेना, म्हणून वाक्य तसंच राहिलं.

ते पान घेऊन आम्ही सरांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "ऐंशी एक वर्षांपूर्वी विलायतेत हेच झालं होतं. म्हणतात की एका शास्त्रज्ञाच्या मदतनिसानं डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी घातलं, आणि त्यातून चुन्याचं कळलं. म्हणजे तुम्ही दोघांनी जे शोधलंत ते शोधून झालेलं आहे." मला म्हणाले, "उद्या व्हरांड्यात सगळ्यांना हे पान वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. दुसऱ्या एका जोडीतल्या धाकट्यानं त्याच आठवड्यात कबूल केलं की खोलीचं तापमान तो रोज आदल्या दिवशीचंच लिहीत होता. तिसऱ्या जोडीत थोरल्यानंच काहीतरी कबूल केलं. शिपायानंही एक कबुली दिली, पण तिचा आमच्या विषयाशी संबंध नव्हता.

ताई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. काम थांबलं नाही. मला चिठ्ठ्या मिळत. 'ड्रमला कागद लाव.' 'हौद धू.' 'बेडूक तीन.' नवव्या दिवशी चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, 'चाह प्यायचा काय', आणि ती देणाऱ्या ताई समोरच उभ्या होत्या.

चहा पिताना मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

"सहा महिने मी ते कपाट उघडून पायलं नाई," त्या म्हणाल्या. "शिकवणाऱ्यानं पायाले पायजे होतं. तुले बेडूक धराले शिकवला, रेघ माराले शिकवलं. काच फुटली तर येऊन सांग, कोणी खात नाई, हे मी तुले सांगतलंच नाई. तुही चूक हाये ते हायेच. पण माही वहीत लिहाची राहिली होती." आणि त्यांनी ती खरंच लिहिली होती. माझ्या पानाच्या मागच्या बाजूला.

प्रबंध मार्चमध्ये गेला नाही. मंगळवार-शुक्रवारचे सगळे प्रयोग बाद झाले होते. अकोल्याची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. ताईंनी ते मला सांगितलंही नाही, सरांच्या टेबलावरच्या पत्रावरून मला कळलं. त्यांचं एक वर्ष माझ्यामुळे गेलं. त्यांच्या घरचे काय म्हणाले असतील ते मी विचारलं नाही.

नवा विषय त्यांनीच मांडला. चुन्याचं विलायतेत कळलेलं असेल, पण वऱ्हाडातल्या विहिरींचं कोणी पाहिलेलं नव्हतं. भातकुलीकडे तर जमिनीखालचं पाणीच खारं, तोंडात घेववत नाही. इकडे अमरावतीच्या विहिरीला चुना, तिकडे शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागांना गोडं पाणी. प्रत्येक पाण्यात बेडकाचं हृदय कसं वागतं ते पाहायचं.

पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं. मी सायकलवर, एसटीनं, एकदा तर संत्र्याच्या रिकाम्या पेट्या नेणाऱ्या ट्रकमधून गेलो. प्रत्येक बाटलीवर विहीर कोणाची, किती खोल, पाणी कोणी ओढलं हे लिहिलं. शेंदूरजनाघाटच्या बागवाल्यानं विचारलं, एवढ्या लांब एका बाटलीसाठी आलात, तब्येत कोणाची बिघडली आहे? मी म्हणालो, माझीच. बेडकांचं सांगायला वेळ नव्हता, गाडी सुटत होती.

भातकुलीच्या पाण्यानं पहिल्यांदा आम्हाला फसवलं. हृदय आधी जोरात उडालं, मग वाटेल तसं चालायला लागलं आणि लवकर बंद पडलं. मी नेहमीप्रमाणे मीठ घातलं होतं.

"अरे, पाण्यातच मीठ हाये," ताई म्हणाल्या. "तू वरतून अजून काहून टाकून राहिला? आमच्याइथं भाजीतसुद्धा कमीच टाकतात." मग आधी प्रत्येक पाण्यात किती क्षार आहेत ते रसायनवाल्यांकडून काढून घेतलं आणि त्या हिशेबानं मीठ कमी केलं. एवढ्यावर दोन महिने गेले.

उन्हाळ्यात बेडूक मिळेनात. ताईंच्या भावांनी शेतातल्या विहिरींच्या कपारींतून धरून ओल्या पोत्यात घालून पाठवले. पोतं एसटीच्या टपावर ठेवायला कंडक्टर तयार नव्हता. आतमध्ये ठेवायलाही नव्हता. शेवटी ते धाकट्या भावाच्या मांडीवर आलं.

पाण्यात चुना किती, ते मोजायला साबणाच्या पाण्याची एक रीत होती. फेस यायला जितका साबण जास्त लागेल तितका चुना जास्त. ताईंनी तिच्या जोडीला आईची रीतही लावली. प्रत्येक पाण्यात मूठभर तुरीची डाळ शिजवायची आणि वेळ लिहायची. प्रयोगशाळेत एका बाजूला ड्रम फिरत असे आणि दुसऱ्या बाजूला स्टोव्हवर डाळ. तक्त्यात तीन रकाने झाले : साबण, डाळ, हृदय. साबण आणि डाळ यांचं सुरेख जुळलं.

सरांनी तक्ता पाहिला. "डाळ काढा," ते म्हणाले.

"पण सर, जुळते ना."

"जुळते म्हणूनच काढा. नागपूरहून परीक्षक यायचे आहेत. साबण ठेवा."

डाळ निघाली. आईला मी हे कळवलं नाही.

पुढच्या वर्षी प्रबंध गेला आणि तोंडी परीक्षा झाली. परीक्षक बराच वेळ पानं उलटत होते. मी उघड्या दाराबाहेर व्हरांड्यात उभा होतो, मला आतलं ऐकू येत होतं.

"भातकुलीच का निवडलं?" त्यांनी विचारलं.

"तिथं माझं घर आहे," ताई म्हणाल्या. परीक्षकांशी त्या पुस्तकी मराठीत बोलत होत्या.

"आणि या सगळ्यावरून काय निष्पन्न होतं? हृदय थकतं म्हणजे काय?"

ताई म्हणाल्या, "थकतं म्हणजे काय ते मला अजून सांगता येत नाही. पण नुसत्या मिठाच्या पाण्यात जे थांबतं ते थकलेलं नसतं, एवढं सांगता येतं. त्याला हवं ते मिळालेलं नसतं. दिलं की पुष्कळदा परत चालतं. ड्रमवर दाखवलं आहे."

परीक्षकांनी ते पान काढून बघितलं, आणि दुसरा वर्ग दिला. त्याच वर्षी मीही दुसऱ्या वर्गात पास झालो. ताईंना अकोल्याला जागा मिळाली, आधीची नव्हे, दुसऱ्या कॉलेजात. पुढे त्या आमच्या घरी येत राहिल्या. आई त्यांना घरातलीच मानायची. बेडकाचा विषय मात्र तिच्यासमोर कोणी काढत नसे.

या सगळ्याच्या मधल्या जूनमध्ये, म्हणजे मी दुसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा, सरांनी नव्या मुलांना व्हरांड्यात उभं करून तेच भाषण केलं. माझ्या वाट्याला दर्यापूरकडचा एक मुलगा आला. माझ्यापेक्षा उंच होता, आणि हातातली पिशवी खाली ठेवावी की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. मी त्याला प्रयोगशाळेत नेलं. आदल्या दिवशी मी पाच-सहा मुद्दे कागदावर लिहून ठेवले होते, ते सगळे त्याच्याकडे बघितल्यावर खोटे वाटले. त्याला तिथेच उभा करून मी मागच्या खोलीत ताईंकडे गेलो.

"ताई, सुरुवात कशी करू?"

त्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तपासत होत्या. "जेवला काय तो?"

"माहीत नाही."

"मंग आधी ते इचार."

मी जाऊन विचारलं. तो पहाटे गावाहून निघाला होता आणि काही खाल्लं नव्हतं. आम्ही दोघं स्टँडजवळच्या खानावळीत गेलो. तो चार भाकरी जेवला. परत येईपर्यंत तीन वाजले होते आणि बेडूक काढायला उशीर झाला होता, म्हणून काम दुसऱ्या दिवशी सुरू केलं.